द्राक्षं आपली, यादी परकी

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामेभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, मुलीचं लग्न ठरलं आणि मुलाकडच्यांनी दोन्ही घरच्या मंडळींना पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं. दादा दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागाईतदार. खाण्याच्या द्राक्षांबरोबर त्याने काही वर्षं वाइनची द्राक्षंही लावली होती, करारावर. हे ठाऊक असल्याने व्याह्यांनी मोठ्या आदराने वाइनची यादी त्याच्यापुढे ठेवली. "तुम्ही द्राक्षवाले, आज निवड तुमची."

दादाने यादी उघडली. पानं चार, अक्षरं इंग्रजी, नावं बहुतेक फ्रेंच आणि इटालियन. त्याच्या बागेत ज्याला तो 'चेनिन' म्हणायचा, ते शेनिन ब्लाँ त्या पानावर होतं. पण त्या नावाचा उच्चार चारचौघांत कसा करायचा, या विचारात तो क्षणभर अडखळला आणि त्याने नुसतं बोट ठेवलं. वेटरने एक ग्लास आणून दिला. दादाने वास घेतला. कपाळाला बारीक आठी पडली. मग त्याने घोट गिळला आणि म्हणाला, "छान आहे."

परतीच्या वाटेवर गाडीत तो मला म्हणाला, "अगं, शिळी होती ती. क्रेटच्या तळाशी फुटके मणी राहतात ना, दोन दिवसांनी त्यांना जसा वास येतो, तसा येत होता. पण एवढ्या मोठ्या हॉटेलात... म्हटलं, अशीच असत असेल."

एक मणी तोंडात टाकून त्यातली साखर किती हे अंदाजाने सांगणारा, आणि रिफ्रॅक्टोमीटर लावल्यावर बहुधा बरोबर ठरणारा हा माणूस. जिभेने सांगितलेलं खरं असूनही यादीपुढे त्याने जिभेवर विश्वास ठेवला नाही. मी टपाल खात्यात नोकरी केली. वाइनचं किंवा रसायनशास्त्राचं औपचारिक शिक्षण मला नाही. पण त्या रात्रीनंतर हा विषय मनातून गेला नाही. पुस्तकं आणि शोधनिबंध वाचले, नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये हेलपाटे घातले, आणि जिथे जेवायला जाईन तिथली वाइनची यादी उतरवून घेण्याची खोड लागली. बाहेर जेवायला गेल्यावर वाइन कशी निवडावी, याबद्दल त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

संकोच कुठून आला?

आपल्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात प्रामुख्याने व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते. म्हणजे शब्द आला, वस्तू मागे राहिली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणं ही परवान्याची बाब ठरवली आणि त्यातूनच 'परमिट रूम' हा खास आपला शब्द जन्मला. परमिट रूमची रीत सोपी असते. ब्रँड सांगायचा, क्वार्टर किंवा पेग सांगायचा, सोडा की पाणी ते सांगायचं, चकणा येतोच. तिथे निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण एका ब्रँडची व्हिस्की यंदाही तशीच लागते आणि पुढच्या वर्षीही. वाइन ही शेतीची वस्तू आहे. जात, जागा आणि साल बदललं की ती बदलते. त्यामुळे तिची यादी लांबते आणि वाचावी लागते.

पण हे सारं आपल्याला अगदीच परकं होतं असं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला तिथे 'मधु' म्हटलं आहे आणि त्याचे कापिशायन आणि हारहूरक हे प्रकार ते जिथून येतं त्या प्रदेशांवरून सांगितले आहेत. आज बाटलीवर 'नाशिक व्हॅली' लिहितात त्यामागचं तत्त्व हेच. पानागारात वेगवेगळे कक्ष, आसनं, सुगंध, फुलं आणि पाणी असावं, ते प्रत्येक ऋतूत सुखकर असावं, असंही तिथे सांगितलं आहे. गिऱ्हाईक ऐपतीबाहेर खर्च करतं का, यावर हेरांनी नजर ठेवावी अशीही सोय आहे! इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख करतो आणि पसंतीचा क्रमही देतो: आधी इटलीची, मग लाओडिशियाची आणि अरबस्तानची. आपल्या किनाऱ्याशी जोडलेली ही एक प्रकारची जुनी वाइन यादीच. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य सागराकडच्या अँफोरांचे, म्हणजे वाइन-तेल वाहून नेणाऱ्या उभ्या रांजणांचे, तुकडे सापडले आहेत.

अलीकडचा काळ आपल्या डोळ्यांपुढचा आहे. १९८०च्या दशकात नारायणगावात फेसाळ वाइन होऊ लागली. नव्वदीच्या अखेरीस नाशिकला सुलाच्या बागा लागल्या. २००१मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क ठरले. मग २००८ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांची मागणी घटली आणि अनेक बागाईतदारांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. दादाने त्यातली एक एकर राखली. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर वाद पेटला, निर्णय पुढे अमलात आला नाही. वाद विक्रीचा झाला. निवडीबद्दल, म्हणजे ज्याला प्यायची आहे त्याने ती डोळसपणे कशी प्यावी याबद्दल, मराठीत फारसं कुणी बोललं नाही.

यादीत काय वाचावं?

यादीत प्रत्येक ओळीत साधारण पाच गोष्टी असतात: उत्पादक, द्राक्षाची जात, प्रदेश, साल आणि किंमत. यातल्या साल आणि किंमत या दोन गोष्टी कुणालाही वाचता येतात आणि नवख्याला त्यांचाच जास्त उपयोग होतो.

आधी साल. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हा समज जगातल्या मोजक्याच वाइनना लागू आहे. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या आणि गुलाबी वाइन ताज्या पिण्यासाठी केलेल्या असतात. एक-दोन वर्षांत संपवाव्यात. आपली द्राक्षं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतात. युरोपातली काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. म्हणजे एकाच सालाची आपली वाइन तिकडच्या वाइनपेक्षा सात-आठ महिन्यांनी वडील असते. चार-पाच वर्षं जुनी देशी पांढरी वाइन यादीत दिसली, तर ती तिथे कुणी मागवत नाही आणि ती पडून आहे, असा अर्थ घ्यायला हरकत नाही. साल लिहिलंच नसेल तर खुशाल विचारावं.

मग किंमत. बाटली ७५० मिलिलिटरची, ग्लास बहुधा १५० मिलिलिटरचा. म्हणजे बाटलीत पाच ग्लास. ग्लासच्या किमतीला पाचने गुणून बाटलीच्या किमतीशी ताडून पाहावं. ग्लासने घेतलेली वाइन जवळजवळ नेहमीच महाग पडते, कारण उघडलेली बाटली वाया जाण्याचा धोका हॉटेल त्या किमतीत धरतं. तिघं-चौघं एकच वाइन घेणार असतील तर बाटली स्वस्त, आणि ती डोळ्यांदेखत उघडली जाते हा मोठा फायदा.

सगळ्यात स्वस्त मागवायला लाज वाटते म्हणून लोक दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त वाइन मागवतात आणि हॉटेलवाले नेमका तिच्यावरच सर्वाधिक नफा लावतात, अशी एक जुनी समजूत आहे. डेव्हिड दे मेझा आणि विक्रम पठानिया या अर्थशास्त्रज्ञांनी लंडनच्या रेस्टॉरंटांच्या याद्या तपासून २०२१मध्ये ती खोटी ठरवली. किमतीवरचा टक्केवारीतला चढावा त्यांना यादीच्या मध्यावर सर्वाधिक आढळला, दोन्ही टोकांना कमी. तेव्हा सर्वांत स्वस्त वाइन मागवण्यात कमीपणा नाही. लंडनच्या नियमाप्रमाणे तीच कदाचित हिशोबाची ठरेल.

बाटली हातात आली की आणखी एक आकडा दिसतो, अल्कोहोलचा. दादाला मी हा हिशोब समजावला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. द्राक्षाच्या रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. ती सगळी आंबली तर ब्रिक्सच्या साधारण ०.५५ पट अल्कोहोल तयार होतं. २२ ब्रिक्सला काढलेल्या द्राक्षांतून साधारण १२ टक्के. बाटलीवर १४ टक्के लिहिलं असेल तर द्राक्षं २५ ब्रिक्सच्या पुढे पिकवली होती. "म्हणजे काढणी कधी केली हे बाटलीवरच लिहिलंय की!" दादा म्हणाला. आकडा कमी असेल तर वाइन सहसा हलकी, जास्त असेल तर जड आणि घशाला गरम.

आपल्या जिभेचे शब्द

यादीत वाइनचं वर्णन असतं: ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडर. यातलं बहुतेक आपण कधी खाल्लेलं नाही, त्यामुळे वाचून काही कळत नाही आणि आपलीच जीभ अडाणी वाटू लागते. माझं म्हणणं असं की आपल्याला त्या शब्दांची गरज नाही. षड्रसांची परंपरा असलेल्या भाषेत वाइन मागवायला तीन शब्द पुरतात: गोड, आंबट, तुरट.

गोडी म्हणजे आंबताना उरलेली साखर. देशी शेनिन ब्लाँमध्ये ती बऱ्याचदा किंचित असते. आंबटपणा द्राक्षातल्या आम्लांचा. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये तो ठसठशीत, लिंबू पिळल्यासारखा. तुरटपणा टॅनिनचा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो आणि लाल वाइन सालींसकट आंबवतात म्हणून तिच्यात जास्त. जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड कोरडं होतं, तेच हे: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं. कॅबरने सोव्हिन्याँ आणि शिराझमध्ये तो जाणवतो. वेटरला "कमी तुरट, थोडी आंबट, गोड नको" एवढं सांगितलं, तरी जाणकार वेटर यादीतल्या बऱ्याच ओळी खोडून दोन-तीनवर येतो.

जेवणाशी जोडीही याच शब्दांत लावता येते. आंबट वाइन तेल-तूप कापते, म्हणून तळलेलं पापलेट, सुरमई, अळूवडी यांच्याबरोबर सोव्हिन्याँ ब्लाँ किंवा कोरडी फेसाळ वाइन. तुरट वाइनला प्रथिनं आणि चरबी हवी, म्हणून भाजलेल्या मटणाबरोबर ती मऊ लागते. पण तांबड्या रश्श्याबरोबर तीच शिराझ तोंडात आग लावते, आणि यामागे कारण आहे. तिखट ही आधुनिक शरीरशास्त्राच्या दृष्टीने चव नाही, तो दाह आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ज्या ग्राहींना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. म्हणून झणझणीत जेवणाबरोबर कमी अल्कोहोलची, तुरटपणा नसलेली, किंचित गोड आणि चांगली गार वाइन घ्यावी. आपल्या शेनिन ब्लाँचं इथे चांगलं जमतं.

गार किती?

'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांत तयार झाला. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्या-मुंबईची खोली मे महिन्यात तिशीच्या वर असते. त्या तापमानाला लाल वाइनमधलं अल्कोहोल नाकात शिरतं आणि बाकी सगळं झाकतं. लाल वाइनची बाटली कोमट लागली तर ती पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगावं. वेटरने आश्चर्याने पाहिलं तरी सांगावं. बादलीत नुसता बर्फ नको, पाणीही हवं. पाण्याचा स्पर्श बाटलीला सगळीकडून होतो आणि ती लवकर गार होते. पांढरी ८ ते १२ अंशांना बरी. फार गारठवली तर वास आणि चव दोन्ही दबतात, आणि दोषही.

तो पहिला घोट कशासाठी?

वेटर बाटली दाखवतो, उघडतो, चमचाभर ओततो आणि उभा राहतो. या क्षणाला आपण सर्वाधिक घाबरतो, कारण आपली परीक्षा आहे असं वाटतं. परीक्षा बाटलीची असते. दाखवली तेव्हा नाव आणि साल यादीतलंच आहे ना, हे पाहायचं. चमचाभर ओतली ती दोष तपासण्यासाठी. आवडली का, हा प्रश्न तिथे नाहीच.

मुख्य दोष तीन. एक, बुचाचा: ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसटलेल्या तळघराचा वास. तो टीसीए नावाच्या संयुगामुळे येतो, हे हान्स टॅनर आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. एक लाख कोटी भागांत काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही तो नाकाला कळतो. फिरकीच्या टोपणाच्या बाटलीत, आणि नाशिकच्या बऱ्याच बाटल्या तशाच असतात, हा धोका जवळपास नाही. टोपण फिरकीचं म्हणून वाइन हलकी समजू नये. दुसरा दोष हवेचा: कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि पांढऱ्या वाइनचा तपकिरीकडे झुकलेला रंग. तिसरा, व्हिनेगरचा. दुसरा आणि तिसरा दोष ग्लासने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये जास्त, कारण बाटली उघडून दिवस झालेले असतात. दादाच्या ग्लासात तेच झालं होतं. फुटक्या मण्यांचा वास म्हणजे व्हिनेगरच. त्याचं निदान अचूक होतं. ग्लास मागवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: "बाटली कधी उघडली?" दोष असला तर शांतपणे "ही बिघडली आहे, वास घेऊन बघा" म्हणावं. चांगलं हॉटेल ती बदलून देतं.

जाणकारांचं काय?

आपल्याला कळत नाही आणि त्यांना कळतं, ही भीती उरतेच. तिच्यासाठी दोन प्रयोग. बोर्दोला फ्रेडरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग देऊन वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा निबंध २००१चा. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. सातत्याने जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहांत एकच निघाले. हे निष्कर्ष २००८चे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक नोंदी असलेल्या एका अमेरिकी अभ्यासात किंमत लपवली तर सामान्य पिणाऱ्यांना महागडी वाइन सरासरीने किंचित कमीच आवडली.

यावरून वाइनचं ज्ञान खोटं ठरत नाही. वायनरीतला माणूस दोष ओळखतो, जात ओळखतो, ते कौशल्य खरं आहे. पण 'कुठली चांगली' याचा निवाडा डोळे, किंमत आणि वातावरण यांच्या दबावाखाली होतो, आणि तो दबाव तज्ज्ञांवरही असतो. मग आपण का ओशाळावं?

एक गोष्ट मात्र संकोच न ठेवता सांगायला हवी. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य चुकीचं आहे. साडेबारा टक्क्यांच्या १५० मिलिलिटर ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं, आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये साधारण १०. गाडी चालवणाऱ्याने 'एकच तर ग्लास' म्हणताना हा हिशोब करावा. आणि ज्याला प्यायची नाही, त्याला टेबलावर कारण विचारू नये.

गेल्या वर्षी काढणी उरकल्यावर दादा आणि मी नाशिकमध्ये एका छोट्या हॉटेलात जेवायला गेलो. यादी एका पानाची होती. दादाने चष्मा लावून ती सावकाश वाचली, सालं पाहिली, मग वेटरला विचारलं, "ते चेनिन. बाटली कधी उघडली?"

पोरगा प्रामाणिक होता. "परवा, काका."

"मग नवीन उघडतोस का? नाहीतर आम्ही सोलकढी घेतो."

त्याने आत जाऊन विचारलं आणि नवीन बाटली आणून आमच्यासमोर उघडली. दादाने वास घेतला, घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला. "गोडी आहे थोडी. आंबटपणा बरा राखलाय," तो म्हणाला. "वेळेत काढलीत यांनी द्राक्षं."